धनराजच्या नावावरची फेरी

त्या दिवशी बाबा रोजच्यासारखेच घराबाहेर पडले. आई म्हणते, त्यांनी फाटकातून मागे वळून पाहिलं. माझा भाऊ प्रफुल म्हणतो, ते कधीच मागे वळून पाहत नसत. मी तिथे नव्हते. मी चंद्रपूरला, कॉलेजच्या ग्रंथालयात, परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. त्यामुळे त्या दिवसाचं मी जे सांगते आहे ते ऐकीव आहे. काही धनराजकाकांकडून, काही गुलाबभाऊंकडून, आणि थोडंसं एसटीच्या एका कंडक्टरकडून, ज्याला आमच्या घरी यायची काहीच गरज नव्हती आणि तरी तो आला.

गडचिरोलीच्या दवाखान्यासमोर, रस्त्याच्या अलीकडे, चिंचेखाली टॅक्सींचा स्टँड आहे. तिथे बाबा आणि काका, दोघा सख्ख्या भावांच्या दोन गाड्या उभ्या असत. आजोबांनी आयुष्यभर वैनगंगेत जाळं टाकलं. त्यांच्या या दोन पोरांनी जाळं सोडून स्टिअरिंग कसं धरलं, ती वेगळी गोष्ट आहे.

ॲप आलं तेव्हा स्टँडवर सगळ्यांत आधी ते बाबांनी घेतलं. काळी-पिवळीत माणसं कोंबायची, चालकाने अर्धं अंग दाराबाहेर काढून मूल गावापर्यंत गाडी हाणायची, ते दिवस त्यांना कधी आवडले नव्हते. आता फक्त परवाना असलेल्या गाड्या, जागेएवढीच माणसं, फोनवर चालकाचा फोटो आणि उतरल्यावर प्रवाशाने द्यायचे तारे. दवाखान्याच्या आणि बल्लारशा स्टेशनच्या फाटकाशी ॲपवरच्या गाड्यांनाच उभं राहू देत. कुरखेड्याकडच्या बाया लेकराला घेऊन दवाखान्यातून घरी जाताना कोणाला न विचारता गाडी बोलवू लागल्या. मी घरी आले की बाबा फोन पुढे करायचे आणि म्हणायचे, "वाच." प्रवाशांनी लिहिलेलं मी वाचायचे. 'काका हळू चालवतात.' 'काकांनी पिशव्या घरात नेऊन दिल्या.' बाबा काही बोलत नसत. आईच चुलीपासून म्हणायची, "पुन्हा वाच बरं ते पिशव्याचं."

एकाच बाबतीत स्टँडने ॲपचं ऐकलं नाही. ॲप जवळची गाडी शोधतं. स्टँड नंबर पाहतो. जो आधी येऊन उभा राहिला त्याचा पहिला नंबर, त्याची गाडी आधी सुटणार. हा कायदा ॲपच्या फार आधीचा होता, आणि तो मोडला की भावाभावांत डोकी फुटतात हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. तोड बाबांनीच काढली. कॉल कोणाच्याही फोनवर येवो, ज्याचा नंबर असेल त्याने तो फोन घेऊन आपल्या गाडीने जायचं आणि स्वतःचा फोन मागे ठेवायचा. फोटो एकाचा, माणूस दुसरा. काही प्रवासी विचारत, बरेचसे विचारत नसत. ॲपवाल्यांनी मधूनमधून समज दिली. ती समज स्टँडने सगळ्यांनी मिळून ऐकली आणि नंबर चालू राहिला.

त्या दिवशी कॉल काकांच्या फोनवर आला. विश्रामगृहातून एका साहेबांना घेऊन बल्लारशा स्टेशनला सोडायचं होतं. लांबची फेरी.

"दादा, मी जातो," काका म्हणाले.

"नंबर कोनाचा?"

"तुहा. पन तू सकाळपासून खांदा चोळून राह्यला."

"खांदाही माहाच, नंबरही माहाच. आन इकडं फोन."

"अरे, बस ना थोडा सावलीत. मी जाऊन येतो, मंग तू दोन फेऱ्या घे."

"देऊन टाक रे, धनराज," गुलाबभाऊ हसत म्हणाले. ते स्टँडच्या संघटनेचे अध्यक्ष. "नाईतर हा मास्तर आपल्याले पुन्हा पहिलीत बसवन."

बाबांनी काकांच्या हातातून फोन ओढूनच घेतला. आपला त्यांच्या हातात दिला आणि गेले.

दुपारी मी बाबांना फोन लावला. काकांनी उचलला.

"दादा फेरीवर गेला, बाई. माहा फोन घेऊन."

"काई काम नव्हतं. जेवले का ते?"

"डबा नेला त्यानं."

मी बरं म्हणाले आणि ठेवून दिला.

मूल मागे पडलं की चिचपल्लीपर्यंत दोन्ही बाजूंनी सागाचं जंगल आहे. मार्चात पानं झडलेली असतात, त्यामुळे जंगल असूनही खूप आतपर्यंत दिसतं. तिथे बाबांनी गाडी मुरमाच्या कडेला घेतली. साहेबांना म्हणाले, "गाडीत बिघाड झाला, साहेब. तुमाले बस थांबवून देतो." आमच्याकडे चालक आपलं दुखणं प्रवाशाला सांगत नाहीत. सांगितलं तर माणूस उरलेला सगळा रस्ता भीत बसतो, म्हणतात. त्या वळणावर बस थांबत नाही. कंडक्टरने मला सांगितलं की हा माणूस रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभा होता, ड्रायव्हरला ब्रेक दाबावाच लागला. बाबांनी साहेबांची बॅग स्वतः चढवली. कंडक्टरला म्हणाले, "स्टेशनले जानार हायेत, चंद्रपूरले घाईनं उतरव." मग काकांच्या फोनवरून स्वतःच्याच नंबरवर फोन केला.

"धनराज, चिचपल्लीच्या अलीकडं गाडी लावली. ये. पन बेभान नको चालवू."

काका आणि गुलाबभाऊ पोचले तेव्हा ते मागच्या सीटवर होते. चपला दाराशी काढून ठेवलेल्या, घरी ठेवत तशा.

चंद्रपूरच्या दवाखान्यात बाबांचा सदरा काकांच्या हातात दिला, त्याच्या खिशात काकांचा फोन वाजला. काकांनी तो तिथेच, भिंतीला टेकून वाचला. साहेबांची आगगाडी चुकली होती. त्यांनी तक्रार केली होती: जंगलात उतरवलं, गाडी नीट असताना बिघाड सांगितला, चालक फोटोतला नव्हता. खाली ॲपचा निरोप होता. 'धनराज शेंडे, आपली सेवा तात्पुरती थांबवण्यात आली आहे.'

*

तेरवीच्या दिवशी अंगणात मांडव होता, आणि दुपारून ॲपच्या तक्रार विभागाचा फोन येणार होता. काकांनी दिवस बदलून मागितला होता. यंत्रातल्या बाईने फक्त एक, दोन, तीन दाबायला सांगितलं. त्या फोनवर काका जे बोलतील त्यावर ठरणार होतं की ते ॲपवर राहतील की कायमचे जातील. ॲपवर नसलेल्या टॅक्सीला आता आमच्या गावात प्रवासी मिळत नाही.

आईने सकाळीच काकांना न्हाणीच्या आडोशाला बोलावलं होतं. हे तिनेच मला नंतर सांगितलं, काहीही न लपवता.

"भाऊजी, तुमी त्याइले काय सांगान?"

"तुमी म्हनान ते, वयनी."

"एवढ्या वर्सांत याइच्या नावावर कोनी एक वाईट शब्द नाई लिहिला. आता उत्तर द्याले मानूसच नाई. फेरी तुमच्या नावावर आहे. तशीच राहू द्या."

काका म्हणाले, "राहू देतो."

एवढंच. आई म्हणते, तिला तेव्हा फक्त एक चित्र दिसत होतं: बाबांचा ॲपवरचा तो फोटो, पांढरा सदरा घातलेला, आणि त्याच्याखाली लाल अक्षरं. त्या अक्षरांच्या पलीकडे काका उभे आहेत, त्यांचं घर उभं आहे, हे तिला दिसलंच नाही. कदाचित दिसलंही असेल. दुःखात माणूस दयाळू होतो असं पुस्तकांत पुष्कळदा वाचलं आहे. मला तसं दिसलं नाही.

पण न्हाणीपलीकडे काकांची बायको, रुखमाकाकी, भांडी विसळत होती.

ती स्वैपाकाकडे आली, वड्याच्या पिठाची परात पुढे ओढली आणि बराच वेळ गप्प राहून वडे थापत बसली. काकी गप्प राहिली की घरातली मांजरंसुद्धा बाहेर जातात, असं बाबा म्हणायचे.

"बाई," शेवटी ती आईला म्हणाली, "एक विचारतो, राग नका मानू."

"आज कोनाचा राग मानू, रुखमा."

"तुमच्या मालकाइले, माह्या भासऱ्याइले, मी देवासारखं मानलं. त्याइच्या पानातलं मीठ कधी मले विचारा नाई लागलं. पन माह्या घरचा मानूस जिता आहे. त्याले दवाखान्याच्या फाटकात उभा नाई राहू देत. तो घरी येते अन गाडी पुसते. पुसलेली गाडी पुन्हा पुसते. मी पाहून राह्यली."

"मंग?"

"मंग काय? खरं सांगा म्हना त्याले. दुसऱ्याच्या फोनवर गेलं त्याची समज भेटते, साऱ्या स्टँडले भेटली आहे. पन जंगलात पाशिंजर सोडला म्हनून लागलं तं जन्माचं बंद. तुमी जे मांगितलं ना बाई, ते लई मोठं मांगितलं."

आईने कढईखालचं लाकूड मागे ओढलं. "तू आज माह्या चुलीपाशी बसून हे बोलतं?"

"तुमच्याच चुलीपाशी बोलतो. दुसऱ्याच्या चुलीपाशी बोलली असती तं चुगली झाली असती."

मी कोथिंबीर निवडत होते. काकी माझ्याकडे वळली. "तू सांग ओ, साधना. एवढी शिकली. काऊन दातखीळ बसली तुही?"

"मी काय सांगू, काकी."

"हेच. त्या दिवसापासून हेच. 'मी काय सांगू.' रडली नाई, बोलली नाई. बाप्पा, पोरगी आहे का दगड?"

"रुखमा!" आई म्हणाली.

काकीचं खोटं नव्हतं. सगळे आपापल्या परीने ते बोलून मोकळे झाले होते. काका 'दादा गेला' म्हणत. आई 'मानूस नाई राह्यला' म्हणे. प्रफुलने साऱ्या नातेवाइकांना फोन केले आणि प्रत्येक फोनवर तेच वाक्य उच्चारलं. मी कोणालाच काही कळवलं नव्हतं. कॉलेजला दिलेल्या रजेच्या अर्जात 'घरगुती कारण' लिहिलं. एका सहकारी बाईंनी फोनवर सहज विचारलं, बाबा कसे आहेत, तेव्हा मी म्हणाले, "गडचिरोलीलाच आहेत." त्यांनी पुढे विचारलं नाही.

*

प्रफुल कोरपन्याजवळच्या सिमेंट कारखान्यात आहे. सगळे दिवस तो घरीच होता, पण काकांशी बोलत नव्हता. दोघं एकाच पंगतीला वाढत, एकाच गाडीतून किराणा आणत, आणि मध्ये कोणीतरी असल्यासारखे त्या कोणाशी तरी बोलत. "पान्याचे कॅन आले का, विचार." "आले म्हनाव."

त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्याने मला बऱ्याच उशिरा सांगितलं. स्टँड आणि दवाखाना यांच्यात एक रस्ता आहे. बाबा त्या दुपारी स्टँडवर असते तर चार माणसांनी उचलून रस्ता ओलांडला असता. त्याने तो रस्ता मनातल्या मनात इतक्यांदा ओलांडला होता की त्याला आता झोपेतही वाहनांचे हॉर्न ऐकू येत. आणि दरवेळी रस्त्याच्या अलीकडे काका उभे असत, सावलीत, बाबांचा फोन हातात घेऊन.

पंगती उठत आल्या तेव्हा दोघं मांडवाच्या कोपऱ्यात पाण्याचा ड्रम हलवत होते. गुलाबभाऊ विडा लावत बसले होते. मी ताटं गोळा करत होते.

"काका," प्रफुल एकदम म्हणाला, "कॉल तुमचा होता ना?"

काकांनी ड्रम खाली ठेवला. "हव."

"मग तुमी काऊन नाई गेले?"

"नंबर दादाचा होता."

"नंबर." प्रफुल हसला, पण ते हसणं पाहवत नव्हतं. "दवाखाना समोर होता, काका. समोर. तिथं बसून राह्यले असते बाबा, तं आज..."

काका ड्रमचं झाकण लावत राहिले.

"चुलीपाशी झालं ते ऐकलं मी. आई म्हणते तेच करा. घ्या ती तक्रार तुमच्या नावावर. तेवढं तरी तुमच्या अंगावर येऊ द्या."

"घेतो," काका म्हणाले. "सकाळीच घेतली."

काका मला पुढे म्हणाले, त्या क्षणी त्यांना जरा बरंच वाटलं. इतके दिवस कोणी काही म्हणत नव्हतं, तेच जड जात होतं. आता एकाने म्हटलं. शिक्षा कळली की माणूस तिच्याभोवती अंग सैल सोडू शकतो.

गुलाबभाऊंनी विडा अर्धाच ठेवला. "धनराज, तू सांगतं का मी सांगू?"

"राहू दे, गुलाब."

"काऊन राहू दे? प्रफुल, इकडं ये, बस. तुह्या काकानं फोन दिला नाई. तुह्या बापानं त्याच्या हातातून ओढला. हा म्हने, खांदा दुखून राह्यला तं सावलीत बस, मी जातो. दोनदा म्हने. तो म्हने, खांदा माहा अन नंबरही माहा. अन मी..." गुलाबभाऊ थांबले. "मी वरतून मस्करी केली. देऊन टाक म्हनलं."

प्रफुल उभाच होता. "हे मले काऊन नाई सांगितलं, काका?"

"काय सांगू?" पहिल्यांदाच काकांचा आवाज चढला. "दादाच जिद्दीचा होता, म्हनू? तो चितेवर, अन मी इथी लोकाइले सांगत बसू की माही काई चूक नाई? भावावर ढकलून मोकळा झाला म्हनतीन."

"पन मी तुमाले..."

"तू बोलला ते बोलला. बापासाठी बोलला. त्यात काय."

प्रफुलने ड्रम एकट्यानेच उचलला, पाणी सांडवत न्हाणीकडे नेला, आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड धुतलेलं होतं. तो सरळ आईकडे गेला. आई दारात पायरीवर बसली होती.

"आई, काका फोनवर खोटं बोलणार नाईत."

आईने त्याच्याकडे पाहिलं. "आत्ता तं तू म्हनत होता, त्याच्या अंगावर येऊ द्या."

"म्हनत होतो. चुकलो."

"अन तुह्या बापाच्या नावावर लिहू द्याचं? जंगलात पाशिंजर टाकून पळाला?"

"पळाले कुठी, आई? बाबा पळाले का?"

"मले माहीत आहे. तुले माहीत आहे. त्या फोनमधल्याइले काय माहीत!" आईने पदर तोंडाला लावला. "मरून तं जाऊ द्या ना सुखानं. जित्तेपनी कोनी बोट नाई दाखवलं."

"वयनी," काका मांडवातून म्हणाले, "मी शब्द देला आहे. तुमी नका जीव जाळू." आणि प्रफुलला, "तू मधी पडू नको, बेटा. हा माहा अन वयनीचा हिशोब आहे."

काकी परातीमागून म्हणाली, "मले कोनी विचारू नका. मी तं भाड्यानं आली आहे."

मी ताटं धरून मध्ये उभी होते आणि दोन्हीकडचे माझ्याकडे बघत नव्हते, कारण माझ्याकडून कोणालाच काही अपेक्षा नव्हती.

*

फोन आला तेव्हा शेवटची पंगत बसली होती. काकांनी तो बाजेवर ठेवला आणि स्पीकर लावला. प्रफुल आणि गुलाबभाऊ जवळ आले. आई पायरीवरून हलली नाही.

"नमस्कार. तक्रार विभागातून बोलते आहे. धनराज शेंडे बोलत आहात?" आवाज तरुण होता, चांगला, शिकवलेला.

"हव. बोलून राह्यलो."

"हे संभाषण नोंदवलं जात आहे. प्रवासीही लाइनवर आहेत." मग तिने तक्रार वाचून दाखवली. मांडवाखालच्या पंगतीतले लोक जेवता जेवता थांबले. "आपल्याला हे मान्य आहे?"

"काका," प्रफुल हळूच म्हणाला.

काकांनी आईकडे पाहिलं. "मान्य आहे."

"फोटोबद्दलही तक्रार आहे. त्या दिवशी गाडी आपणच चालवत होता?"

"हव. मीच."

"गाडीत बिघाड होता?"

"नव्हता."

"मग प्रवाशांना उतरवण्याचं कारण?"

काकांनी याचा विचारच केला नव्हता. बाबांवर येणार नाही असं कारण त्यांना सापडेना. काकी दारापर्यंत आली आणि चौकट धरून उभी राहिली.

"कारण नसेल तर नियमाप्रमाणे मला आपली नोंदणी कायमची—"

"एक मिनिट, मॅडम." दुसरा आवाज, पुरुषाचा, जरा थकलेला. साहेब. "हा तो माणूस नाही. हे खोटं बोलताहेत. तो वयाने मोठा होता, आवाज वेगळा होता. मला आठवतो चांगला."

"साहेब, मीच होतो," काका म्हणाले.

"तुम्ही नव्हता. हे बघा, माझी गाडी चुकली, कामही बुडालं. तेव्हा राग होता, म्हणून तक्रार केली. पण ते जाऊ द्या. मला त्या माणसाशी बोलायचं आहे. सबंध रस्ता त्याने इतकी चांगली गाडी चालवली. माझ्यासाठी बस थांबवायला रस्त्याच्या मध्ये उभा राहिला, बस अंगावर आली तरी हलला नाही. बॅग मला उचलू दिली नाही. एवढं करणारा माणूस माझ्याशी खोटं का बोलला? इंजिन मला कळतं हो, माझं कामच ते आहे. काहीही झालं नव्हतं गाडीला. मग मला का उतरवलं? तेवढं त्याने मला स्वतः सांगावं. मी बाकी काही मागत नाही."

"धनराजजी," ती मुलगी म्हणाली, "गाडी कोण चालवत होतं? त्यांना फोन द्या."

काकांनी डोळे मिटून घेतले. प्रफुलने तोंड उघडलं आणि त्याला हुंदका आला, तो अंगणाच्या भिंतीकडे वळला. एवढे सगळे फोन ज्याने केले होते, त्याच्याच्याने हा एक होईना.

"हॅलो? आपण लाइनवर आहात का?"

आई पायरीवरून उठली. तिने माझं नाव घेतलं. "साधना." पुढे काहीच नाही. ते मला थांबवणं होतं की पुढे ढकलणं होतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही, आणि ती सांगेल असं वाटत नाही.

मी ताटं खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि बाजेवरून फोन उचलला.

"मी साधना शेंडे. त्यांची मुलगी." माझा आवाज मला अनोळखी वाटला, वर्गात कविता म्हणायला उभ्या केलेल्या मुलीसारखा. "गाडी काका चालवत नव्हते. कॉल त्यांच्या फोनवर आला, पण नंबर माझ्या बाबांचा होता, म्हणून फोन घेऊन बाबा गेले. बापूजी शेंडे. आमच्या स्टँडवर असंच चालतं. त्याची जी समज द्यायची ती द्या. काकांनी कोणालाही रस्त्यात सोडलेलं नाही."

"मग बापूजी शेंडे यांच्याकडून आम्हाला—"

"थांबा, मॅडम," साहेब म्हणाले. "ताई, गाडीला काय झालं होतं?"

"काही नाही. तुमचं बरोबर आहे. गाडी चांगली होती. बाबांना बरं वाटत नव्हतं. तुम्ही गाडीत असताना स्टिअरिंगवर काही व्हायला नको, म्हणून त्यांनी ती बाजूला घेतली. आमच्याकडे चालक आपलं दुखणं प्रवाशाला सांगत नाहीत. म्हणून बिघाड म्हणाले."



"अरे," साहेब म्हणाले. "मला म्हणायचं ना त्यांनी. मी थांबलो असतो." मग घाईने, जणू आता सगळं सोपं झालं होतं, "आता कसे आहेत ते? द्या ना त्यांना फोन. मी तक्रार मागे घेतो, मॅडम, लिहून घ्या. पण मला एकदा बोलू द्या त्यांच्याशी. द्या, ताई."

काकी चौकटीपाशी खाली बसली. आई माझ्यासमोर उभी होती, इतकी जवळ की तिच्या हातांना लागलेल्या वड्याच्या पिठाचा वास येत होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही देता येणार," मी म्हणाले. "तुमची बस पुढे गेली, आणि तिथेच, गाडीत..."

"हॅलो? ताई, आवाज तुटला. काय म्हणालात?"

"माझे बाबा वारले," मी म्हणाले.